लक्षण आणि आविष्कार : मधुमेहासह जगणे व पॉल सेझानची उत्तरकालीन चित्रे

प्रास्ताविक

कलावंताचे आजारपण आणि त्याची कलाकृती यांच्यातील संबंध हा कलासमीक्षेतील जुना व वादग्रस्त प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय साहित्याने क्षयरोगाभोवती एक हळवे वलय निर्माण केले. सुझन सोंटॅग यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात क्षय व कर्करोग या दोन व्याधींना चिकटलेल्या रूपकांची परखड चिकित्सा केली. मधुमेहाच्या वाट्याला मात्र असे वलय फारसे आले नाही. या व्याधीत सहसा नाट्यमय कलाटणी नसते. ती वर्षानुवर्षे माणसाच्या सोबत राहते आणि त्याच्या आहाराचा, श्रमाचा व विश्रांतीचा रोजचा हिशेब मागते. अशा व्याधीसह जगणाऱ्या कलावंताच्या निर्मितीकडे समीक्षेने कसे पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी फ्रेंच चित्रकार पॉल सेझान (१८३९–१९०६) याच्या अखेरच्या कालखंडातील चित्रांचा विचार येथे केला आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१. सेझानच्या चित्रशैलीचे कारण त्याच्या व्याधीत शोधणाऱ्या विचाराची चिकित्सा करणे.
२. ‘लक्षण’ आणि ‘आविष्कार’ या दोन संकल्पनांमधील भेद स्पष्ट करणे.
३. दीर्घकालीन व्याधी कलानिर्मितीत नेमकी कोणत्या मार्गाने प्रवेश करते, याचा शोध घेणे.

निदानापूर्वीचे निदान

सेझानला मधुमेह असल्याचे १८९० च्या सुमारास निष्पन्न झाले. त्या वेळी त्याचे वय पन्नाशीच्या पुढे होते. लक्षणीय बाब अशी की, त्याच्या दृष्टीविषयीचे निदान समीक्षेने त्याआधीच करून टाकले होते. जोरिस-कार्ल ह्यूस्मान्स या लेखकाने १८८९ च्या आपल्या कलाविषयक लेखसंग्रहात सेझानचा उल्लेख रुग्ण नेत्रपटलाचा चित्रकार असा केला. या विकृत व उत्तेजित दृष्टीमुळेच त्याला एका नव्या कलेची चाहूल लागली, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. यात गौरवही आहे आणि अवमूल्यनही. नव्या कलेचे श्रेय चित्रकाराच्या विचाराला न देता त्याच्या डोळ्याच्या बिघाडाला दिले गेले. ह्यूस्मान्सच्या या विधानामागे कोणतीही वैद्यकीय तपासणी नव्हती. अपरिचित चित्रभाषेचा उलगडा न झाल्याने केलेली ती रुचीची प्रतिक्रिया होती. पुढे मधुमेहाची माहिती उपलब्ध झाल्यावर या रूपकाला शास्त्रीय आधार मिळाल्यासारखे अनेकांना वाटले.

मॉरिस मर्लो-पॉन्ती यांनी सेझानच्या साशंकतेवर लिहिलेल्या १९४५ च्या निबंधात याच प्रश्नाला हात घातला आहे. आपल्या चित्रांतील नावीन्य हा केवळ आपल्या डोळ्यांचा दोष तर नसेल ना, अशी शंका खुद्द सेझानलाही उतारवयात छळत होती, असे ते नमूद करतात. त्यामुळे हा केवळ समीक्षकांचा वाद राहत नाही. व्याधीसह जगणाऱ्या माणसाला आपल्या कामावरील स्वतःचा हक्कच संशयास्पद वाटू लागतो, ही त्यातील अधिक गंभीर बाब आहे.

इन्सुलिनपूर्व काळातील मधुमेह

सेझानच्या हयातीत मधुमेहावर आजच्या अर्थाने उपचार नव्हते. अपोलिनेर बुशार्दा या फ्रेंच वैद्याने १८७०–७१ च्या पॅरिसच्या वेढ्यात अन्नटंचाईमुळे रुग्णांच्या लघवीतील साखर कमी झाल्याचे निरीक्षण नोंदविले होते. आहारनियंत्रण हाच तेव्हाचा मुख्य उपाय होता. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यांना मधुमेह होतो, हे मिंकोव्हस्की व फॉन मेरिंग यांनी १८८९ मध्ये दाखवून दिले. परंतु इन्सुलिनचा माणसावरील पहिला वापर टोरांटो येथे जानेवारी १९२२ मध्ये झाला. सेझान निदानानंतर इन्सुलिनशिवाय सुमारे सोळा वर्षे जगला. त्यावरून त्याचा मधुमेह आजच्या वर्गीकरणातील ‘टाइप २’ या प्रकारचा असावा, असे अनुमान करता येते.

अनियंत्रित मधुमेहात थकवा येतो, जखमा व जंतुसंसर्ग लवकर बरे होत नाहीत, पायांतील संवेदना मंदावतात आणि नेत्रपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा पोहोचते. रक्तातील साखरेच्या चढउतारामुळे नजर काही काळ धूसरही होते. सेझानच्या बाबतीत यांपैकी काही घडले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रश्न एवढाच की, त्यातून त्याच्या चित्रांचा उलगडा होतो काय?

दृष्टिदोषाच्या उपपत्तीच्या मर्यादा

एल ग्रेकोच्या चित्रांतील लांबट आकृतींचे कारण त्याच्या डोळ्यांतील दोषात शोधण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभी झाला होता. या तर्कातील चूक आता सर्वपरिचित आहे. चित्रकाराला जग लांबट दिसत असेल, तर कॅनव्हासही त्याच डोळ्यांनी लांबट दिसणार. परिणामी दोन्हीकडील दोष एकमेकांना छेदून जातील. अर्थात, हा आक्षेप सर्वच दृष्टिविकारांना लागू पडत नाही. क्लोद मोने याच्या डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे १९१२ मध्ये निश्चित झाले व १९२३ मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. मधल्या काळातील त्याच्या रंगयोजनेवर मोतीबिंदूचा परिणाम झाला, हे मत साधार आहे. रंग ओळखण्यातील अडचणीची तक्रार तो स्वतःही करीत असे. तेव्हा व्याधीचा चित्रावर परिणाम होतच नाही, अशी टोकाची भूमिका घेण्याचे कारण नाही.

सेझानच्या बाबतीत मात्र चित्रांचा पुरावाच या उपपत्तीच्या विरोधात जातो. अखेरच्या वर्षांत त्याने आपला माळी व्हालिए याची अनेक चित्रे काढली. त्यांपैकी काही तैलचित्रांत रंगांचे थरावर थर चढलेले असून आकृती काळोखातून जेमतेम वर येते. याउलट, लंडनच्या टेट संग्रहालयातील चित्रात रंग पातळ व पारदर्शक आहे. हॅट घालून पायावर पाय टाकून बसलेली आकृती हिरव्यानिळ्या परिसरात जणू श्वास घेते. चित्रकार तोच, बसणारा मनुष्य तोच आणि काळही जवळपास तोच. एकाच डोळ्याच्या एकाच विकाराने एवढ्या भिन्न परिणामांची उपपत्ती लागत नाही. हा भेद निवडीचा आहे.

लक्षण आणि आविष्कार

आर. जी. कॉलिंगवूड यांनी १९३८ च्या आपल्या कलातत्त्वविषयक ग्रंथात भावनेचा आविष्कार आणि भावना नकळत उघड होणे यांत स्पष्ट भेद केला आहे. भीतीने चेहरा पांढरा पडणे हे भीतीचे लक्षण आहे. तो भीतीचा आविष्कार नव्हे. आविष्कारात माणूस आपल्या मनात अस्पष्टपणे वावरणारी गोष्ट माध्यमाच्या साहाय्याने स्वतःलाच स्पष्ट करून घेतो. लक्षण आपोआप घडते, आविष्कार घडवावा लागतो. ‘आत्माविष्कार’ हा शब्द मराठीत अनेकदा सैलपणे वापरला जातो आणि त्यामुळे या दोहोंतील सीमारेषा पुसली जाते. रुग्णाने काढलेले चित्र म्हणजे त्याच्या रोगाची खूण, असे समीकरण त्यातूनच जन्माला येते.

याच ग्रंथात कॉलिंगवूड यांनी सेझानविषयी एक मार्मिक निरीक्षण केले आहे. सेझान एखाद्या अंध माणसासारखा रंगवू लागला, असे ते म्हणतात. त्याची टेबले, फळे व डोंगर केवळ डोळ्यांनी पाहिलेले नसून हातांनी चाचपलेले, देहाने अनुभवलेले आहेत, असा त्यांचा अभिप्राय आहे. ह्यूस्मान्स आणि कॉलिंगवूड या दोघांनीही दृष्टीच्या अभावाचीच भाषा वापरली. परंतु एकाच्या लेखी ती व्याधी आहे, तर दुसऱ्याच्या लेखी ती सिद्धी आहे. पहिल्या विधानात चित्र हे लक्षण ठरते, दुसऱ्यात आविष्कार.

कोऱ्या जागेचा अर्थ

सेझानच्या उत्तरकालीन चित्रांत कॅनव्हासचा काही भाग न रंगवताच राहिलेला दिसतो. थकलेल्या वृद्धाची अपूर्ण कामे म्हणून या चित्रांकडे पाहणे सोपे आहे. एमिल बर्नार या तरुण चित्रकाराला ऑक्टोबर १९०५ मध्ये लिहिलेल्या पत्रात सेझानने या गोष्टीची कबुली दिली आहे. उतारवयात प्रकाश निर्माण करणारी रंगसंवेदने आपल्याला कॅनव्हास पूर्ण झाकू देत नाहीत व वस्तूंच्या कडा सलग आखू देत नाहीत, अशा आशयाचे ते लेखन आहे. ही अडचणीची नोंद आहे हे खरे. पण ती अडचण संवेदनेच्या उणिवेची नसून रंगांतील नेमक्या संबंधाच्या आग्रहाची आहे.

अँब्रुआज व्होलार या कलाविक्रेत्याच्या १८९९ मधील व्यक्तिचित्राने याला पुष्टी मिळते. व्होलारने दिलेल्या माहितीनुसार या चित्रासाठी तो ११५ वेळा बसला. तरीही हातावरील दोन छोट्या जागा कोऱ्याच राहिल्या. त्याविषयी विचारता, तेथे अंदाजाने एखादा रंग भरला तर त्या बिंदूपासून सारे चित्र पुन्हा रंगवावे लागेल, असे सेझानने सुचविले. हे उत्तर शक्ती संपलेल्या माणसाचे नाही.

बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात मांडलेली लयतत्त्वे येथे उपयुक्त ठरतात. संवाद, विरोध व समतोल या संबंधांनी घटक एकमेकांशी बांधले जातात, तेव्हा कलाकृतीला रूप येते. ले लोव्ह येथील टेकडीवरून १९०२ ते १९०६ या काळात रंगविलेल्या सेंत-व्हिक्त्वार पर्वताच्या चित्रांत हिरवा, गेरूसारखा पिवळा आणि निळा यांचे ठिपके परस्परांशी विरोध साधतात. पर्वतातील निळा व आकाशातील निळा यांत संवाद होतो. आणि मध्ये राहिलेल्या कोऱ्या जागा या साऱ्याचा तोल सांभाळतात. कोरी जागा ही या रचनेची पूर्ण सभासद आहे. तिला व्याधीचा डाग म्हणणे म्हणजे रूपाचा विचारच नाकारणे होय.

दिनक्रम आणि देह

असे असले तरी व्याधीला चित्राच्या बाहेर हाकलून देणेही योग्य ठरणार नाही. ती शैलीत नसली तरी कामाच्या परिस्थितीत आहे. बँकर असलेल्या वडिलांच्या १८८६ मधील निधनानंतर सेझानला आर्थिक स्थैर्य लाभले. चित्रविक्रीवर त्याचा चरितार्थ अवलंबून नव्हता. आजारी देहाला संथ गतीने काम करता आले, त्यामागे ही सुस्थिती होती. आजारपणाच्या रम्य कथांमध्ये या बाबीकडे हटकून दुर्लक्ष होते. १९०१ मध्ये त्याने ले लोव्ह येथे जमीन घेतली आणि पुढील वर्षी तेथील चित्रशाळेत काम सुरू केले.

१९०६ च्या उन्हाळ्यात मुलाला लिहिलेल्या पत्रांत उष्म्याची, थकव्याची व डोक्याच्या त्रासाची तक्रार आहे. उन्हाच्या काहिलीत तो आर्क नदीच्या काठी सावलीत बसून काम करी. सप्टेंबरमधील एका पत्रात त्याने लिहिले की, येथे चित्रविषय वाढतच जातात. जागा न बदलता केवळ किंचित उजवीकडे वा डावीकडे झुकले तरी अनेक महिने पुरेल एवढे काम मिळेल. व्याधी आणि निर्मिती यांच्या नात्याचा सर्वांत अस्सल पुरावा या पत्रात आहे. देहाची हालचाल मर्यादित झाली. तेव्हा मानेच्या लहानशा हालचालीत एक नवा विषय सापडला. पुनरावृत्तीची ही पद्धत व्याधीने जन्माला घातली नाही, कारण सेंत-व्हिक्त्वारची चित्रे तो निदानापूर्वीपासूनच काढत होता. परंतु व्याधीने लादलेली मर्यादा या पद्धतीने सामावून घेतली. मर्लो-पॉन्ती म्हणतात त्याप्रमाणे, जीवन कलाकृतीचे स्पष्टीकरण देत नाही, तरीही दोहोंत देवघेव चालू असते.

रंगवता रंगवताच मरण यावे, असा निश्चय सेझानने त्याच सप्टेंबरात बर्नारला कळविला होता. १५ ऑक्टोबर १९०६ रोजी बाहेर काम करीत असता तो वादळी पावसात सापडला व कोसळला. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हालिएच्या चित्रावर काम करण्यासाठी तो पुन्हा बागेत गेला. आठवडाभरातच न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. या घटनेला हौतात्म्याचा रंग देण्याचा मोह समीक्षेने आवरला पाहिजे. मधुमेहाने पोखरलेल्या देहाला त्या भिजण्याची किंमत मोजावी लागली असणे संभवनीय आहे. मात्र दुसऱ्या दिवशीचे बागेत जाणे हा त्या देहाच्या वर्षानुवर्षांच्या दिनक्रमाचाच भाग होता.

समारोप

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. यांतील अनेक जण लिहितात, गातात, चित्रे काढतात. त्यांच्या निर्मितीला ‘आजारावर केलेली मात’ किंवा ‘वेदनेचा उद्गार’ म्हणून गौरविण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. या गौरवात सहानुभूती असली, तरी त्या कलाकृतीला केसपेपर बनविण्याचा धोकाही आहे. या पार्श्वभूमीवर प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. सेझानच्या उत्तरकालीन शैलीचे कारण मधुमेहजन्य दृष्टिदोषात शोधणारी उपपत्ती त्याच्या चित्रांतील विविधतेपुढे टिकत नाही.
२. रोगाचे लक्षण व कलेचा आविष्कार या भिन्न कोटी आहेत. पहिले देहाला घडते, दुसरे कलावंत घडवितो.
३. दीर्घकालीन व्याधी कलाकृतीत प्रामुख्याने कामाची गती, जागा, वेळ व साधने यांच्या द्वारे प्रवेश करते. त्यामुळे तिचा विचार करताना कलावंताच्या आर्थिक व कौटुंबिक स्थितीचाही विचार आवश्यक ठरतो.
४. व्याधीसह जगणाऱ्या कलावंताच्या कृतीस रूपाच्या निकषांवर तपासणे म्हणजे त्याच्या दुःखाकडे पाठ फिरवणे नव्हे. त्याच्या कर्तृत्वाचे श्रेय त्याला देण्याचा तोच न्याय्य मार्ग आहे.