हाताळले, पण पाहिले का?

नाशिकजवळच्या एका छोट्या खाजगी प्राणिसंग्रहात आम्ही सहकुटुंब गेलो. तिथे परदेशी प्राणी हाताळायला देतात. बॉल पायथन हातात घेताच मुलांची भीती पळाली. हे श्रेय त्या संग्रहाला द्यायलाच हवे. मात्र ‘हा अगदी शांत आहे’ हे तिथले स्पष्टीकरण आम्हांला पटले नाही. आफ्रिकेतला हा अजगर घाबरला की डोके आत दडवून चेंडूसारखे वेटोळे करतो. त्याचे नावही त्यावरूनच पडले. तेव्हा निश्चल साप माणसाळलेलाच असेल असे नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, असा फलकही तिथे नव्हता.

याउलट निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर पाहा. २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेल्या या पाणथळीत पक्ष्याला हात लावता येत नाही. पण तो काय खातो, कशाने बिचकतो, हे मुले स्वतः टिपू शकतात. सहल कुठेही न्या, मुलांना एक प्रश्न जरूर द्या: या प्राण्याला आत्ता निघून जावेसे वाटले, तर जाता येईल का?