पोचा आणि मठार : घरातल्या भांड्याचं सौंदर्य कुणाचं?



आजचा प्रश्न सौंदर्यशास्त्रातला आहे, पण उदाहरण मी न्हाणीघरातलं घेणार आहे. जुनं तांब्याचं घंगाळ समोर आलं की आपण दोन वाक्यं एका दमात बोलतो. ‘किती सुंदर आहे!’ आणि ‘आमच्या आजीकडे अगदी असंच होतं!’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं वस्तूबद्दल आहे, दुसरं आपल्याबद्दल. आपण ती एकमेकांत मिसळतो आणि त्यात तिसऱ्याच माणसावर अन्याय होतो. तो कसा, ते बघू.

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथून जाताना आधी आवाज ऐकू येतो, दुकान मागाहून दिसतं. तांब्याचा पत्रा तापवला की मऊ पडतो, मग त्याला आकार देता येतो. पण मऊ भांडं घरात टिकणार कसं? म्हणून शेवटी त्याला मठार देतात. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं, एकाशेजारी एक, ओळीनं ठोके घालत जायचं. त्या ठोक्यांनी धातू कठीण होतो आणि पत्र्याला बळ येतं. त्याच ठोक्यांमुळे शेकडो लहान लहान खळगे तयार होतात, प्रत्येक खळगा उजेड वेगळ्या बाजूला फेकतो आणि भांडं झळझळतं. आता मला सांगा, यातलं उपयोगाचं काम कुठे संपलं आणि शोभेचं कुठे सुरू झालं? ठोका तर एकच आहे.

तत्त्वज्ञांना इथे अडचण होते. कांटनं 1790 मधल्या ग्रंथात सौंदर्याचा आनंद हा हेतू, लाभ, मालकी यांपासून सुटलेला असतो असं मांडलं. फुलाचं सौंदर्य मुक्त. घोड्याचं किंवा इमारतीचं सौंदर्य मात्र ती वस्तू कशासाठी आहे या कल्पनेवर अवलंबून. कारागिरी तर त्याच्या लेखी मजुरीसाठी केलेलं काम. पुढे 1938 मध्ये कॉलिंगवुडनं आणखी स्पष्ट रेघ ओढली: कारागिराला काय बनवायचं ते आधीच ठाऊक असतं, कलावंताला ते करता करता उमगतं. एकच वस्तू दोन्ही असू शकते, हे त्यालाही मान्य होतं; तेवढं श्रेय त्याला देऊ.

पण तांबटाच्या शेजारी दहा मिनिटं बसा. घंगाळ करायचं हे त्याला ठाऊक असतं, खरं आहे. पुढचा ठोका किती जोरानं आणि नेमका कुठे, हे मात्र मागचा ठोका सांगतो. पत्र्याचा आवाज बदलला की हात बदलतो. म्हणजे ‘आधी ठाऊक असणं’ आणि ‘करता करता उमगणं’ ही दोन माणसांची लक्षणं नव्हेत. एकाच हातात ती पाळीपाळीनं येतात. कॉलिंगवुडची रेघ कागदावर सरळ दिसते, ऐरणीवर ती टिकत नाही.

आता आठवणीकडे येऊ. आमच्या घरी एक कळशी आहे. तिच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी माझ्या आजीचं नाव घातलंय, खाली तिच्या मामांचं, म्हणजे देणाऱ्याचं, आणि लग्नाची तिथी. एका बाजूला मोठा पोचा आहे. कळशी जिन्यावरून गडगडली तेव्हाचा. कुणाच्या हातून, यावर आमच्याकडे तीन मतं आहेत आणि तिन्ही सांगणारे आता नाहीत. घेणारीचं नाव आहे, देणाऱ्याचं आहे, तिथी आहे. घडवणाऱ्याचं नाव नाही.

पण त्याची खूण आहे. पोचा आणि मठार, धातूच्या दृष्टीनं दोन्ही खड्डेच. पोचा अपघातानं पडला, तो घराचा इतिहास. मठार जाणूनबुजून दिला, ती कारागिराची सही. कळशी दाखवताना आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पोच्याची गोष्ट सांगत आलो. मठाराकडे बोट कुणी केलं नाही.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त सौंदर्यविचाराचे दोन ध्रुव दाखवले: कलेला जगण्यापासून स्वतंत्र मानणारा एक, जगण्याशी जोडणारा दुसरा. त्यांचं म्हणणं असं की एकाच ध्रुवाला धरून आपल्या अनुभवाचा उलगडा होत नाही. मला ते या कळशीपाशी पटतं. आठवण पुसून टाका आणि शुद्ध आकार बघा, असं मी म्हणणार नाही. ते जमतही नाही. पण आठवण हा सौंदर्याचा पुरावा नव्हे. आजीवर माया असली म्हणून तिच्या घरातलं प्रत्येक भांडं देखणं ठरत नाही. काही बेढब होतीच की!

शहर बदललं, याबद्दल मी गळा काढणार नाही. तांब्या-पितळेला कल्हई लागते, ती उडाली की आंबट पदार्थ कळकतो. भांडी चिंचेनं घासणाऱ्या बायकांना स्टील आलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं असेल, तर ते योग्यच होतं. गीझर आला, बंब गेला. बंब पेटवायला पहाटे उठणारं कुणीतरी घरात असायचं. ते कोण असायचं, हेही आठवावं.

माझी तक्रार आजच्या रसिकतेबद्दल आहे. घंगाळ आता दिवाणखान्यात येतं, त्यात पाणी आणि फुलं. येऊ दे. पण शेजारच्या चिठ्ठीवर ‘वारसा’, ‘परंपरा’, ‘आजीच्या आठवणी’ एवढंच लिहिलेलं असतं. कुणी केलं, किती दिवस लागले, पत्रा किती जाड, एक शब्द नाही. म्हणजे आपण आठवण विकत घेतो, तीही दुसऱ्याच्या आजीची. आणि आठवणच विकायची असेल तर मठार हातानं कशाला द्यायचा? साच्यात दाबून उठवलेले खळगे लांबून तसेच दिसतात. दिसतात, पण ते धातूला ठोकून आलेले नसतात. तिथे शोभा कामापासून सुटली. म्हणजे ती नुसती नक्षी झाली. विकत घेणाऱ्याला फरक कळत नसेल, तर तांबटानं आपल्या मुलाला हातोडी का द्यावी? कारागिरी गिऱ्हाईक संपल्यावर मरते हे आपण जाणतो. जाणकार संपल्यावरही ती मरते, गिऱ्हाईक असताना.

तेव्हा एक साधी सवय लावून घ्या. भांडं उचला, वजन घ्या. बोटानं वाजवा. उजेडात फिरवा आणि ठोक्यांच्या ओळी बघा: कुठे दाट आहेत, काठाशी हात कसा वळला आहे. मग पोच्याची गोष्ट जरूर सांगा, नातवंडांना ती हवीच असते. पण त्याआधी त्यांचं बोट मठारावर ठेवा आणि म्हणा, ‘हे एका माणसानं केलंय.’

इथेच थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर घेऊ.