अ‍ॅस्टली कॅसलचा सांधा

इंग्लंडच्या वॉरिकशरमध्ये, ननीटन या गावाजवळ अ‍ॅस्टली कॅसल आहे. नाव किल्ल्याचं, पण मूळचा हा खंदकाने वेढलेला तटबंदीचा वाडा. इंग्लंडच्या गादीवर जेमतेम नऊ दिवस बसलेल्या जेन ग्रेच्या घराण्याकडे तो होता. पुढे त्याचं हॉटेल झालं आणि १९७८ साली ते जळलं. छप्पर गेलं, मजले गेले, आणि उरलेल्या भिंती कित्येक वर्षं पावसात उभ्या राहिल्या. जुन्या वास्तू सावरून त्या सुट्टीत राहायला भाड्याने देणाऱ्या लँडमार्क ट्रस्टने अखेर या पडक्या भिंतींच्या आतच नवं घर बांधायचं ठरवलं. ते काम विदरफर्ड वॉटसन मान या वास्तुकारांनी केलं आणि २०१३ सालचं स्टर्लिंग पारितोषिक हा ब्रिटिश वास्तुकलेतला मानाचा पुरस्कार त्याला मिळाला.

पहिली दाद द्यायची ती त्यांनी जे बांधलं नाही त्याला. सबंध वाड्यावर छप्पर चढवणं सहज सुचण्यासारखं होतं. त्यांनी राहण्यासाठी फक्त सर्वांत जुना, मध्ययुगीन गाभा घेतला. नंतरच्या शतकांत जोडलेली दालनं उघडीच ठेवली आणि येण्याची वाट त्यांतूनच नेली. त्यामुळे पाहुणा घरात शिरण्याआधी वाड्यात शिरतो. डोक्यावर आभाळ, दोन्ही बाजूंना काच नसलेल्या खिडक्या, आणि पुढे दार. आगीची गोष्ट सांगणारा एकही फलक इथे लागत नाही.

आता भिंतीजवळ या. या कामाचा जीव इथे आहे. जुनी भिंत ओबडधोबड दगडांची, वेडीवाकडी तुटलेली. तिला नवा दगड लावायचा तर तुटकी कड आधी तासून सरळ करावी लागली असती, म्हणजे आगीनंतर जे वाचलं त्यातलंही थोडं गेलं असतं. वास्तुकारांनी वीट निवडली. वीट लहान असते. ती दगडाच्या प्रत्येक खाचेत शिरू शकते, पुढे आलेल्या कंगोऱ्यापाशी थांबू शकते. दोन बांधकामांमधली रेघ म्हणूनच कुठे सरळ नाही. पडझडीने जशी आखली तशीच ती वर चढत जाते. रफूगार आपला टाका लपवतो. इथल्या गवंड्याने तो उघडा ठेवला आहे, आणि तरी तो बोचत नाही, कारण विटांचा रंग दगडाच्या जवळपास फिरतो. जवळ गेल्यावर नवं वेगळं दिसावं आणि लांबून सगळं मिळून एक भिंत वाटावी, हे अंतराचं गणित फार थोड्यांना जमतं.

शिवाय ही वीट नुसती भर घालत नाही, ती राबते. मजले आणि छप्पर गेल्यावर उंच भिंतींना एकमेकींचा आधार उरत नाही; त्या झुकू लागतात. नव्या भिंती त्यांना पुन्हा बांधून धरतात, आणि मोठ्या भगदाडांवर काँक्रीटच्या तुळया टाकून वरचं ओझं पेललं आहे. त्या तुळयांना दगडाचा मुलामा दिलेला नाही. जुन्या इमारतींना खोटं जुनेपण चढवण्याच्या सोसाला वैतागून इंग्रज कवी-कारागीर विल्यम मॉरिसने १८७७ साली त्यांच्या जतनासाठी संस्था काढली होती. ही उघडी तुळई त्याला पटली असती, असं मला वाटतं.

आतली मांडणी उलटी आहे. निजायच्या खोल्या खाली. स्वयंपाक, जेवण, बैठक सगळं वरच्या एका मोठ्या दालनात. जाड भिंतींचा तळमजला झोपेला सोयीचा, आणि वरून खंदक, झाडी, शेजारचं सेंट मेरी चर्च दिसतं. खरी नजाकत खिडक्यांत आहे. नवी काच जुन्या दगडी चौकटीत बसवलेली नाही, ती मागे सरकवली आहे. झिजलेला दगड काचेबाहेर राहतो, त्यावर पाऊस पूर्वीसारखाच पडतो, आणि बसल्या जागेवरून चर्च पाहताना नजर आधी त्या चौकटीतून जाते. छायाचित्रांवरून बोलायचं तर वरच्या दालनातलं लाकूडकाम मला किंचित जास्तच नेटकं वाटतं; एवढ्या रांगड्या भिंतींशेजारी थोडा खरखरीतपणा शोभला असता. पण जुन्या लाकडाची नक्कल करण्यापेक्षा हा नेटकेपणा मी कधीही पत्करेन.

घरात आठ जण राहू शकतात, आणि भाडं भरून कोणालाही राहता येतं. कधी जाणं झालंच, तर सामान खोलीत टाकण्याआधी बाहेरून एक फेरी मारा, आणि वीट कुठे संपते ते बोटाने शोधा.