नव्या कार्यप्रणालीचा स्वीकार : भाषाभ्यासकाच्या दृष्टीने एक परीक्षण

संगणकातील जुनी ऑपरेटिंग सिस्टिम काढून तिच्या जागी नवी बसविणे, या क्रियेस आपल्याकडे दोन शब्द लावले जातात. कोणी तिला ‘अद्ययावत करणे’ म्हणतात, कोणी ‘उन्नत करणे’. वरवर पाहता हे समानार्थी वाटतात. परंतु त्यांतील भेद लहान नाही. ‘अद्ययावत’ म्हणजे आजपर्यंतचे. या शब्दात केवळ कालाचा निर्देश आहे. ‘उन्नत’ या शब्दात मात्र मूल्याचा निर्णय आधीच देऊन टाकलेला आहे. जी गोष्ट सिद्ध करावयाची ती नामकरणातच गृहीत धरली गेली, म्हणजे पुढील चर्चा लटकी ठरते. म्हणून प्रस्तुत लेखात ‘स्थलांतर’ हा तटस्थ शब्द वापरला आहे, व ऑपरेटिंग सिस्टिमला ‘कार्यप्रणाली’ म्हटले आहे.

भाषेच्या अभ्यासात असाच एक वाद पूर्वी होऊन गेला आहे. ऑटो येस्पर्सन याने १८९४ साली ‘प्रोग्रेस इन लँग्वेज’ या ग्रंथात भाषिक परिवर्तनाची दिशा प्रगतीची असते, असे प्रतिपादन केले. त्यापूर्वीच्या अनेक विद्वानांस तीच दिशा ऱ्हासाची वाटत होती. आज भाषाविज्ञान सामान्यतः हे दोन्ही पक्ष बाजूस ठेवते आणि एवढेच विचारते, की बदलामुळे कोणते भेद दाखविता येऊ लागले व कोणते लोपले. हीच कसोटी कार्यप्रणालीस लावून पाहू.

प्रथम वस्तुस्थिती. विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी निघाली व १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित आधार संपला. त्यानंतर तिच्यात आढळणाऱ्या सुरक्षाविषयक दोषांची दुरुस्ती आपोआप मिळत नाही. संस्थांना शुल्क भरून ही मुदत अधिकात अधिक तीन वर्षे वाढविता येते, व ते शुल्क दर वर्षी दुप्पट होते. विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ पासून उपलब्ध आहे. पण तिच्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० ही सांकेतिक किल्ल्या जपणारी सोय यंत्रात असावी लागते, आणि इंटेलच्या प्रोसेसरांपैकी साधारणतः आठव्या पिढीपासूनचेच चालतात. ती पिढी २०१७ साली आली. यावरून हे उघड होते की, २०१६ साली घेतलेले व आजही उत्तम चालणारे यंत्र मंद आहे म्हणून नव्हे, तर यादीत बसत नाही म्हणून अपात्र ठरते. अशा ठिकाणी स्थलांतर म्हणजे नव्या यंत्राची खरेदीच होय.

आता या खर्चाच्या बदल्यात भाषाभ्यासकाच्या पदरी काय पडते? ध्वनिविश्लेषणासाठी आपण ‘प्रात’ हा प्रोग्राम वापरतो. स्वराचे फॉर्मंट मोजण्याची त्याची रीत त्या प्रोग्रामात आहे, कार्यप्रणालीत नाही. तेव्हा नव्या प्रणालीमुळे मापन अधिक अचूक होईल, ही समजूत निराधार आहे.

मराठी लेखनाच्या बाबतीत मात्र इतिहास अधिक बोधप्रद आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपले बहुतेक संगणकीय मराठी हे रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार चढवून लिहिलेले असे. प्रत्येक फाँटचा संकेत निराळा. फाँट गेला की मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसे. २००० साली आलेल्या विंडोज २००० या प्रणालीत युनिकोड देवनागरीची सोय व र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ हा फाँट आला, आणि मराठी शब्द हा आकारांचा समूह न राहता अक्षरांचा क्रम झाला. त्याचा शोध घेता येऊ लागला, त्याचा अकारविल्हे क्रम लावता येऊ लागला. येथे नवे भेद व्यक्त करण्याची शक्ती आली. म्हणून ते स्थलांतर निःसंशय मोलाचे होते. पुढे २००८ साली युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ‘ॲ’ या अक्षरास स्वतंत्र संकेत मिळाला. २००१ सालच्या विंडोज एक्सपीच्या मूळ फाँटमध्ये तो असणे शक्यच नव्हते. येथेही जुन्यास चिकटून राहणाऱ्याचा तोटा होता.

विंडोज १० कडून ११ कडे जाताना अशा स्वरूपाचा लाभ होत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडी घ्या. एकाचा अर्थ समुद्र, दुसऱ्याचा डोंगरांमधील खोलगट भाग. दुसऱ्या शब्दातील रकार संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो : ‘ऱ’ या अक्षराला हलन्त जोडून, किंवा ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दोन्ही डोळ्यांस सारखे दिसतात. पण एका रीतीने लिहिलेला शब्द शोधला असता दुसऱ्या रीतीने लिहिलेला सापडेलच असे नाही. ‘ॲ’ची गतही तीच, तो एक संकेत म्हणूनही लिहिला जातो, व ‘अ’वर चंद्र देऊनही. शब्दांची वारंवारता मोजणाऱ्या विद्यार्थ्याच्या सारणीत यामुळे एकच शब्द दोन ठिकाणी विभागला जातो, व त्यावर उभारलेले अनुमान चुकते. हा दोष कोणतीही नवी कार्यप्रणाली दूर करीत नाही. संग्रहातील लेखन एका रीतीत आणण्याचे कष्ट अभ्यासकालाच घ्यावे लागतात.

उलट, काही गोष्टी लोपतात. विंडोज ११ ची बत्तीस-बिटी आवृत्तीच नाही. आणि सोळा-बिटी प्रोग्राम केवळ बत्तीस-बिटी प्रणालीवरच थेट चालत. डॉसच्या काळात रचलेल्या शब्दसूच्या व क्षेत्रकार्याच्या नोंदी ज्या विभागांत अजून मूळ प्रोग्रामांतच पडून आहेत, तेथे आधी स्थलांतर व मग शोधाशोध असा क्रम झाला, तर ती सामग्री हाताशी असूनही वाचता येणार नाही. डॉसचे अनुकरण करणारे प्रोग्राम आहेत हे खरे. पण नोंदी कोणत्या फाँटमध्ये केल्या होत्या हे ज्यास ठाऊक आहे तो निवृत्त झाल्यावर त्यांचाही फारसा उपयोग होत नाही.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, मग जुनीच प्रणाली चालू ठेवावी. हा पक्ष काटकसरीचा दिसतो, परंतु तो एक गोष्ट विसरतो. आपल्या संगणकांत केवळ आपली टिपणे नसतात. बोलींच्या अभ्यासासाठी ज्यांनी आपणांसमोर मोकळेपणाने भाषण केले, अशा निवेदकांचे आवाजही असतात. घरातील कलह, जातीविषयीचे अनुभव, दुखणीखुपणी हे सारे त्या ध्वनिमुद्रणांत आहे, आणि ते त्यांनी आपल्या शब्दावर विसंबून सांगितले आहे. ज्या प्रणालीचे दोष यापुढे दुरुस्त होणार नाहीत ती जाळ्यास जोडून ठेवणे, म्हणजे दुसऱ्याच्या ठेवीवर जोखीम पत्करणे होय. स्वतःच्या लेखनाविषयी असे धाडस करण्यास कोणाची हरकत नसावी. निवेदकाच्या आवाजाविषयी ते करण्याचा अधिकार आपणांस नाही. स्थलांतराचे खरे समर्थन या एका मुद्द्यात आहे, व ते पुरेसे आहे.

तथापि रक्षण हा हेतू ठरला, की विंडोज ११ हा एकमेव मार्ग उरत नाही. ‘प्रात’ आणि ध्वनिचित्रमुद्रणांस टिपणे जोडणारा ‘एलान’ हे दोन्ही प्रोग्राम लिनक्सवर चालतात. उबुंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्त्यांना पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, व अपात्र ठरलेल्या पुष्कळशा यंत्रांवर त्या चालू शकतात. नवी सवय लावून घेण्याचा त्रास होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जेथे निधीची चणचण आहे तेथे तो यंत्राच्या किमतीहून हलका आहे.

सारांश, विंडोज १० वरून ११ वर जाणे ही भाषाभ्यासाच्या साधनांतील प्रगती नव्हे. ते एक रक्षणकर्तव्य आहे, आणि कर्तव्य म्हणूनच ते करावे. त्यात क्रमास महत्त्व आहे. आधी जुन्या फाँटमधील व जुन्या प्रोग्रामांतील सामग्री युनिकोडमध्ये आणून तपासावी. मूळ फाइली व त्यांचे फाँट तसेच जपावेत. एखादे जुने यंत्र जाळ्यापासून तोडून केवळ वाचनासाठी ठेवावे. आणि मगच उरलेली यंत्रे नव्या प्रणालीवर न्यावीत. हा क्रम उलटा झाला, तर संगणक अद्ययावत होतील आणि संग्रह मुका होईल.