मागण्याची तयारी

सायकलवरून पहिल्यांदा लांब पल्ल्याला निघणाऱ्या माणसाला सल्ल्यांचा तुटवडा पडत नाही. सीट किती उंच असावं, टायरमध्ये हवा किती, तासाला पाणी किती, जादा ट्यूब दोन घ्याव्यात की तीन, चढावर उभं राहून पेडल मारावं की बसून. गेले तीन महिने मी हे सगळं वाचतो आहे आणि बरंचसं पाळतोही. दर रविवारी पहाटे जालन्याहून अंबडच्या रस्त्याला लागतो आणि लोखंडी सळया लादलेल्या ट्रकांची गर्दी वाढायच्या आत परततो. (जिल्ह्यातला सर्वांत गुळगुळीत रस्ता समृद्धी महामार्ग आहे, पण त्यावर दुचाकीला बंदी, त्यामुळे आमच्या वाट्याला जुनेच रस्ते.) पाय तयार झालेत. तयार झालेला नाही तो दहा-बारा ओळींचा एक मजकूर.

आमच्या जिल्ह्यात ओळखीच्या काही मंडळींनी ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवलं आहे. आईबाप दिवाळीच्या आसपास कारखान्यावर जातात ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. तेवढे महिने मुलांनी गावातच राहावं, शाळा सुटू नये, इतकाच हेतू. धान्य, गाद्या, स्वयंपाकाच्या बाईंचा पगार यासाठी पैसे लागतात. मी जालन्याहून अंबड, शहागड, बीड, बार्शी, पंढरपूर करत सांगलीपर्यंत पाच दिवसांत साधारण चारशे किलोमीटर सायकल चालवायची आणि त्या निमित्ताने लोकांकडून मदत मागायची असं ठरलं. उत्साहात हो म्हणालो. मग मजकूर लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडकलो.

स्वतःला लिहिता येईना म्हणून इतरांनी लिहिलेलं वाचायला घेतलं. फोनवर येणारी अशी आवाहनं आपण सगळेच अर्धवट वाचतो आणि पुढे सरकतो. मी ती कविता वाचावी तशी वाचली, आणि हा एक घट्ट झालेला साहित्यप्रकार आहे असं माझं मत झालं. सुरुवात किलोमीटरच्या आकड्याने. मग हेल्मेट घातलेला फोटो. मग ‘आव्हान’, ‘जिद्द’, ‘स्वप्न’ यांपैकी किमान दोन शब्द. ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांच्यावर एक वाक्य, बहुधा कर्मणी प्रयोगातलं: मदत केली जाईल, साहित्य पुरवलं जाईल. शेवटी खार.

खारीबद्दल जरा बोलायला हवं. ‘आपणही खारीचा वाटा उचला’ हे वाक्य नाही असं आवाहन मला सापडलं नाही. सेतू बांधताना अंगाला लागलेली वाळू झटकणाऱ्या त्या खारीची गोष्ट सुंदर आहे, पण ती कोणी कोणाला सांगायची याला काही अर्थ आहे. ‘माझा आपला खारीचा वाटा’ हे देणाऱ्याने म्हणायचं असतं. ‘फूल ना फुलाची पाकळी’चंही तेच. पाहुण्याने आहेराचं पाकीट हातात ठेवताना ते म्हणावं, यजमानाने दारात उभं राहून पाहुण्याला म्हणू नये. मराठीतले हे विनयाचे शब्द प्रथमपुरुषी आहेत. आवाहनांत ते द्वितीयपुरुषी होतात आणि समोरच्याच्या दानाला देण्याआधीच लहान ठरवतात. मग मोठा कोण उरतो? ज्याचा फोटो वर आहे तो. समोरच्याची नम्रता मागणाऱ्याने परस्पर वापरून टाकली, हा मला या प्रकारातला सर्वांत मोठा भाषिक दोष वाटतो. गंमत म्हणजे माझ्या पहिल्या खर्ड्यातही खार होती. आपोआप आली होती.

या प्रकाराचा एक खरोखरचा उत्तम नमुना एका पत्रात आहे. कॅनडाचा टेरी फॉक्स याचा उजवा पाय 1977 साली हाडाच्या कर्करोगामुळे कापावा लागला. कृत्रिम पायावर देशभर धावून संशोधनासाठी पैसे जमवायचं त्याने ठरवलं, आणि ऑक्टोबर 1979मध्ये तिथल्या कॅन्सर सोसायटीला पत्र लिहिलं. 12 एप्रिल 1980ला तो धावायला लागला. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाल्यावर रोग फुप्फुसात पसरल्याचं कळलं आणि थांबावं लागलं. त्याच्या धावण्यावर खूप लिहिलं गेलंय. मला त्या पत्राचं बांधकाम पाहायचं होतं. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून ते सुरू होतं, पण आपल्या पायावर फार रेंगाळत नाही. लवकरच ते उपचारांच्या त्या सोळा महिन्यांत शिरतं, दवाखान्यात आजूबाजूला दिसलेल्या चेहऱ्यांपाशी थांबतं, आणि मागणं तिथून उगवतं. आपण धावल्याने रोगावर हमखास उत्तर मिळेल असा दावा तो करत नाही. धावणं पत्रात आहे, पण त्या चेहऱ्यांच्या मागून येतं. आमच्या आवाहनांत क्रम उलटा असतो, किलोमीटर आधी आणि चेहरे मागाहून, तेही कर्मणी प्रयोगात. फरक नुसत्या शैलीचा नाही. फॉक्स ज्यांच्यासाठी मागत होता त्यांच्यातलाच एक होता. मी नाही.

आपल्याकडे मागण्यावरचं एक शास्त्रशुद्ध प्रकरण आहे आणि त्याचा कर्ता आमच्याच जिल्ह्यातला. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब घनसावंगी तालुक्यात येतं. दासबोधाच्या चौदाव्या दशकातला दुसरा समास भिक्षेवर आहे, आणि लगेच तिसरा कवित्वकलेवर. या शेजाराकडे अभ्यासकांनी किती पाहिलंय, ठाऊक नाही; सायकलमुळे माझं लक्ष गेलं. भिक्षेच्या समासात मागण्याची रीत आहे. काही आहे का, एवढंच विचारावं, थोडक्यात समाधान मानावं, आणि कोणी पुष्कळ आणलं तरी मूठभरच घ्यावं. ध्येयरक्कम नाही, ती गाठायला उरलेल्या दिवसांची उलटी मोजणी नाही. दासबोधात दुसरीकडे आणखी धूर्त गोष्ट सांगितली आहे: भिक्षेच्या निमित्ताने खेडी असोत की नगरं, घरोघर जावं आणि लहानथोर माणसं पारखावीत. म्हणजे मागणं हे निमित्त, माणसं बघणं हे काम. आम्ही फिरणं हे निमित्त केलं आणि मागणं हे काम.

पण हा समास जसाच्या तसा डोक्यावर घ्यायलाही मी तयार नाही. त्याच्या पहिल्याच ओवीत भिक्षा ही ब्राह्मणाची मुख्य दीक्षा ठरते. मागणं कोणाला शोभतं आणि कोणाच्या मागण्याला लाचारी म्हणायचं, हे तिथे जातीने ठरवून ठेवलं आहे. ज्याच्या मागण्याला आधीच प्रतिष्ठा आहे त्याने मूठभर घेऊन पुढे जाणं सोपं असतं. हेल्मेट आणि चकचकीत जर्सी आज तेच काम करतात असा मला संशय आहे. वसतिगृहातल्या एखाद्या मुलाच्या आईने हाच मजकूर स्वतःच्या नावाने पाठवला, तर त्याला ‘उपक्रम’ म्हणतील का?

गाडगेबाबांनी हा तिढा वेगळ्या टोकाने सोडवला. मागण्यासाठी लागणारी प्रतिष्ठा त्यांना जन्माने मिळाली नव्हती. ते परीट होते. त्यांनी झाडू घेतला. आधी गाव झाडायचं, मग भाकरी. आणि कीर्तनातून जमलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पायी केवढी तरी भ्रमंती झाली असेल, पण तिचे मैल कोणी मोजले नाहीत, कारण मैलांवर काही अवलंबून नव्हतं. ज्याच्याकडे मागायचं त्याच्या उपयोगाचं श्रम आधी व्हायचं. सायकलस्वारीत श्रम भरपूर आहेत, पण ते कोणाच्या उपयोगाचे नाहीत. मी गेवराईचा रस्ता घाम गाळत पार केल्याने गेवराईचं काही झाडून होत नाही. मग पैसे देणारा नेमका कशाचे देतो? माझ्या दमण्याचे. हे मला अजून नीटसं पचलेलं नाही.

मराठीतल्या एका आवडत्या प्रवासवर्णनाचा उगमही पैशांतच आहे, हे आपण विसरतो. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले ते घरचं कर्ज फेडायला. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, अशी बातमी होती. ‘माझा प्रवास’ उघडणारे आपण झाशीकडे धावतो. मला या खेपेला सुरुवातच पुन्हा वाचावीशी वाटली: कर्जाचा उल्लेख, वडिलांची नाखुशी, सोबतीला काका. तयारीची ही पानं कसलाही उदात्त सूर लावत नाहीत. पैसे हवे आहेत म्हणून निघतो आहे, बस. पुढे बंडात सापडून, पुन्हा पुन्हा लुटले जाऊन ते परतले तेव्हा दक्षिणेपेक्षा मोलाची वस्तू होती ती गंगेची कावड. 1907 साली चिं. वि. वैद्यांनी संस्कारित रूपात ते पुस्तक छापलं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. पण ते टिकलं, असं मला वाटतं, या पहिल्या प्रामाणिकपणामुळे. पैसा कशासाठी हे आधी सांगितलं की पुढच्या प्रत्येक लुटीचं वजन वाचणाऱ्यालाही कळतं.

तयारीबद्दल असंच रोखठोक लिहिणारी दुसरी व्यक्ती म्हणजे डर्व्हला मर्फी. 1963च्या जानेवारीत ही आयरिश बाई डंकर्कहून सायकलने दिल्लीकडे निघाली. ‘फुल टिल्ट’ हे तिचं पुस्तक 1965चं. आशियातल्या रस्त्यांवर गिअर टिकणार नाहीत म्हणून तिने ते काढूनच टाकले, जादा टायर वाटेतल्या ठिकाणी आधीच पाठवून दिले, एक पिस्तूल घेतलं आणि चालवायला शिकली. हे सगळं ती किराणा मालाच्या यादीसारखं सांगते. तिची ही स्वारी कोणत्याही निधीसाठी नव्हती. भारतात पोचल्यावर मात्र ती तिबेटी निर्वासितांच्या मुलांमध्ये काही महिने कामाला राहिली. आधी सायकल, मग हातांनी काम, आणि दोन्हींना एकमेकांचं निमित्त केलं नाही. माझ्यापुढच्या पेचावर हे सरळ उत्तर होतं, आणि ते न दिसल्यासारखं करून मी पुस्तक मिटलं.

मागच्या रविवारी अंबडच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ट्यूब बदलायला मला येतं, पण पंप दगा देत होता, म्हणून ढकलत एका पंक्चरच्या टपरीपाशी गेलो. काका साठीचे असतील. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधता शोधता त्यांनी विचारलं, “सर, एवढं लांब कामून जायलेत?” सांगितलं. वसतिगृह म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. “कोयत्यावाल्यांच्या लेकरांचं?” त्यांचा धाकटा भाऊ आणि भावजय जातात, सांगलीकडेच. मुकादमाकडून उचल घेतात, ट्रकमध्ये पत्रे, पीठ, भांडी, शेळी भरतात आणि निघतात. “तुम्ही पाच दिवसांत जाताल. ते एका रात्रीत पोचतेत,” ते म्हणाले. मग पॅच घासत, सहज: “लोक तुम्हाला किलोमीटरवर पैसे देतेत व्हय? त्यांना टनावर भेटतेत.”

हा लेख लिहायला त्या वाक्याने भाग पाडलं. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, आधी उचल, मग ती फिटेपर्यंत टनांचा हिशेब. आणि मी तोच रस्ता धरून, आधी लोकांचं वचन घेऊन, किलोमीटरचा हिशेब देणार. आकार इतका सारखा आहे की तो मला आधी दिसायला हवा होता. फरक एवढाच, की माझ्या खेपेत कर्ज नाही, आणि मला वाटलं तर बार्शीहून एसटीने परत येता येईल.

काकांनी पॅचचे पैसे घेतले, पूर्ण. मी विचारलं, आवाहन पाठवू का, नंबर द्या. ते म्हणाले, “द्यायचं म्हणतां? आमच्याकडं कोण मागायलाच येत न्हाई.” माझ्या यादीत दीडशे नावं आहेत: प्राध्यापक, डॉक्टर, बियाणं कंपन्यांतले मित्र, पुण्यातले वर्गमित्र. ज्यांना हा प्रश्न घरातून माहीत आहे असं एकही नाव नाही. घरोघर जाऊन माणसं पारखायचं सोडाच, मी घरंच निवडून घेतली होती.

काल रात्री मजकूर पुन्हा लिहिला. खार काढली. फोटो काढला. किलोमीटर चौथ्या ओळीत गेले. पहिल्या ओळीत वसतिगृहात मुलं किती आणि ती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत राहतात ते आहे. दुसऱ्या ओळीत त्यांचे आईबाप कुठल्या रस्त्याने जातात ते, आणि क्रियापद कर्तरी आहे: जातात. माझ्यासाठी एक वाक्य ठेवलंय, त्याच रस्त्याने मी जाणार आहे एवढंच. रकमेपुढची जागा अजून कोरी आहे. रविवारी शहागडपर्यंत जायचं आहे, गोदावरीच्या पुलापर्यंत. वाटेत टपरीवर थांबून काकांचा नंबर घ्यायचा आहे, तो त्या दिवशी राहूनच गेला. आणि नवा पंप.