‘थोडेसे’ म्हणजे नेमके किती?

इंग्रजीतून मराठीत आलेले अनुवाद तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. त्यात एक शब्द हमखास भेटतो : ‘थोडेसे’. मुळात ‘स्लाइटली’ असो, ‘अ बिट’ असो, ‘समव्हॉट’ असो की ‘रादर’, मराठीत सगळ्यांची बोळवण ‘थोडेसे’वर होते. माझा आक्षेप असा, की ही क्रियाविशेषणे प्रमाणाइतकाच बोलणाऱ्याचा कलही सांगतात आणि ‘थोडेसे’त नेमका तो कल हरवतो.

एक खोली उबदार आहे. ‘फेअरली वॉर्म’ म्हटले, तर बोलणारा समाधानी आहे. ‘रादर वॉर्म’मध्ये बहुधा नापसंती असते : अंमळ जास्तच. ‘अ बिट वॉर्म’ ही सौम्य सुरातली तक्रार. ‘स्लाइटली वॉर्म’ मात्र तापमापक पाहून बोलल्यासारखे तटस्थ. रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांचे १९८५चे बृहद्व्याकरण ‘स्लाइटली’, ‘समव्हॉट’, ‘अ बिट’, ‘अ लिटल’ यांना तीव्रता उणावणाऱ्या एकाच गटात बसवते. वर्गीकरण योग्यच आहे. पण गट एक म्हणून अर्थ एक, असे समजणे चूक.

याची कसोटी सोपी आहे. वाक्य नकारार्थी करून पाहावे. ‘नॉट अ बिट टायर्ड’ म्हणजे मुळीच न थकलेला. ‘नॉट अ लिटल टायर्ड’ म्हणजे चांगलाच थकलेला! होकारात जुळी वाटणारी भावंडे नकारात दोन टोकांना जातात. आणि ‘लिटल’मागचा ‘अ’ गळला, की ‘थोडे’चे ‘फारसे नाही’ होते. एका शेजाऱ्यांच्या वैद्यकीय अहवालातले ‘लिटल इम्प्रूव्ह्ड’ मी घाईत ‘थोडी सुधारणा आहे’ असे वाचून दाखवले होते. घरातल्यांचे चेहरे उजळले. चूक लक्षात आल्यावर पुन्हा त्यांच्या दारात जाऊन उभे राहणे मला फार जड गेले.

इंग्रजी मातृभाषा असणारेही इथे फसतात. एप्रिल १९५१मध्ये कोरियातील इमजिन नदीकाठच्या लढाईत ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ असल्याचे कळवले, अशी हकीकत सांगितली जाते. ब्रिटिश संकेताने तो गंभीर इशारा होता. अमेरिकन कानाला ती किरकोळ अडचण वाटली. ग्लॉस्टरशर रेजिमेंटची पहिली बटालियन वेढली गेली आणि तिचे शेकडो सैनिक कैदेत पडले. त्याचे सारे खापर एका शब्दावर फोडणे भाबडेपणाचे ठरेल. पण ही हकीकत इतकी पटते, यातच त्या शब्दाचे वजन कळते.

मराठीला हे भेद परके नाहीत. ‘जरा जास्तच झालं’मधला ‘जरा’ हा ‘अ बिट’चा सख्खा भाऊ. ‘किंचित’ मोजून बोलते, ‘काहीसा’ लेखी सावधपणा राखतो. नकाराची कसोटीही आपल्याकडे तशीच उतरते : ‘जराही दमला नाही’ म्हणजे मुळीच नाही, ‘थोडाथोडका दमला नाही’ म्हणजे पुष्कळच. साधने घरातच आहेत, ती काढायचा आळस आपला. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितातल्या प्रत्येक ‘थोडेसे’खाली मी रेघ मारतो आणि समासात विचारतो : मुळात कोणता शब्द होता?