नामे परकी, क्रियापदे आपली : मोटारनिगेच्या अ‍ॅपची भाषा

मोटारचालकास गाडीची निगा राखण्यास साहाय्य करणारे मोबाईल अ‍ॅप मराठीत सिद्ध करावयाचे झाल्यास प्रथम परिभाषेची यादी करावी, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची परीक्षा करावयाची आहे. अशा अ‍ॅपचा रूढ आराखडा सर्वत्र जवळजवळ सारखाच असतो : भागांची नावे, देखभालीचे वेळापत्रक, खर्चाची नोंद आणि तारीख जवळ आली की सूचना. हा आराखडा नामांवर उभारलेला आहे. चालकाची तक्रार मात्र क्रियापदांत वसते. मुख्य दोष येथेच आहे, असे आमचे मत आहे.

गॅरेजमधील मराठी ऐकणाराच्या ध्यानात एक गोष्ट सहज येते. ब्रेक, क्लच, गिअर, सायलेन्सर ही नामे इंग्रजीतून आली. ‘स्टेपनी’ तर वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आली. तेथे १९०४ साली डेव्हिस बंधूंनी जादा चाक तयार केले, आणि त्या रस्त्याचे नाव आज आपल्याकडे सामान्यनाम होऊन बसले आहे. पाटा, पत्रा, चाक असे काही शब्द आपले आहेत, परंतु बहुसंख्य नामे परकीच. क्रियापदे मात्र जवळजवळ सर्व मराठी : ब्रेक लागत नाही, गिअर पडत नाही, बॅटरी उतरते, टायर बसतो, ऑइल गळते, गाडी तापते. म्हणजे भाषकाने वस्तूचे नाव उसने घेतले, तिचे वर्तन मात्र स्वतःच्या शब्दांत सांगितले.

अनुवादक नेमके याच्या उलट करतो. जेथे गरज नाही तेथे तो नामे घडवितो, आणि क्रियापदांच्या जागी ‘करा’ व ‘आहे’ एवढ्यावर भागवितो. ‘सर्व्हिस’चा ‘सेवा’ असा शब्दशः अनुवाद करून ‘आपली सेवा देय आहे’ असे वाक्य रचले, तर ते मोटारीविषयी आहे की नोकरीविषयी, हे कळणे कठीण. ‘सर्व्हिसिंग करून घ्या’ हे वाक्य शुद्धिवाद्यास रुचणार नाही. पण मराठीचे व्याकरण त्यात अक्षत आहे, आणि अर्थ निःसंदिग्ध आहे.

क्रियापदाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘गाडी डावीकडे ओढते’ ही तक्रार आहे. ‘गाडी चढावर ओढत नाही’ हीही तक्रारच आहे. पहिलीचा रोख चाकांच्या अलाइनमेंटकडे, हवेच्या दाबाकडे किंवा एकाच बाजूस धरणाऱ्या ब्रेककडे. दुसरीचा इंजिनाच्या शक्तीकडे. धातू एकच असूनही येथे नकार हा होकाराचा विरोधी नाही. केवळ शब्द जुळवून पाहणारे अ‍ॅप दोहोंस एकाच कप्प्यात घालील. अनुकरणवाचक शब्दांचेही तसेच आहे. वेगाबरोबर वाढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची शंका उत्पन्न करते. वळताना होणारी टकटक पुढील धुऱ्याच्या सांध्याची. ब्रेक दाबला की उठणारी करकर घासलेल्या पॅडची. ‘वळताना’, ‘दाबला की’ ही जोडवाक्येच निदानाचा अर्धा भाग होत.

यावर असा आक्षेप येईल की, यंत्र स्वतःच आपला दोष सांगत असता चालकाच्या बोलीची मातब्बरी काय? १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या मोटारींत दोष नोंदविणारी यंत्रणा असतेच. ‘पी०३००’ या संकेताचा अर्थ, सिलिंडरांत इंधनाचे प्रज्वलन अनियमितपणे चुकते आहे. (गॅरेजात यालाच ‘गाडी मिसिंग मारते’ म्हणतात, येथेही नाम परके, क्रियापद आपले.) आक्षेपात तथ्य आहे, परंतु ही यंत्रणा मुख्यतः इंजिन व धूरनियंत्रण यांवर लक्ष ठेवते. पत्र्याच्या गंजाला संकेतांक नाही.

जंजिऱ्याच्या मुरुडला ही उणीव विशेष जाणवते. रेवदंड्याची खाडी ओलांडून काशीदवरून मुरुडकडे जाणारा रस्ता बराचसा समुद्राच्या कडेने जातो. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते आणि गंजण्याची क्रिया वेगाने होते. तळाचा पत्रा, सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या, बॅटरीची टोके यांस उभ्या गाडीतही हा उपद्रव होतो. अनेक उत्पादकांचे वेळापत्रक मात्र ‘१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी घडेल ते’ असे असते. दारापुढे उभ्या राहणाऱ्या गाडीस त्यात वर्षभर कोणी हाक मारीत नाही. येथील कोळीबांधव मात्र पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. त्यांची निगा अंतराने नव्हे, ऋतूने मोजली जाते. अ‍ॅपने गाडी किती धावली याबरोबरच ती कोठे उभी असते, हेही विचारले पाहिजे.

नामप्रधान आराखडा सर्वत्र निरुपयोगी आहे, असे आमचे म्हणणे नाही. केंद्र शासनाच्या ‘एमपरिवहन’ अ‍ॅपमध्ये नोंदणीसारख्या बाबी पाहता येतात, तेथे नाव, क्रमांक व तारीख पुरे होतात. कारण कागदपत्राची मुदत ठरलेली असते. बिघाडाची नसते. तो प्रथम कोणाच्या तरी कानी पडतो, हाताला जाणवतो आणि मग बोलण्यात येतो.

सारांश, या कामी परिभाषाकोशाइतकीच तक्रारींच्या वाक्यांच्या संग्रहाची आवश्यकता आहे. मुरुड, अलिबाग, पेण येथील गॅरेजांत बसून चालक गाडीविषयी काय बोलतो आणि कारागीर त्यावरून काय तपासतो, हे जोडीने टिपणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज शक्य आहे. हे काम भाषाशास्त्राचे आहे. आणि ब्रेकविषयीची तक्रार न समजल्यास त्याचे मोल चालकास रस्त्यावर द्यावे लागते, म्हणून ते केवळ भाषाशास्त्राचे नाही.